सहाव्या घरावरची फांदी

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. नेहमीचे तर आहेतच, वर थोडे जास्त, कारण या वेळी तू ते कमावलेस.

तुझं पाकीट काल मिळालं. आमंत्रणाचा कागद एवढा जाड की पोस्टमनने आधी तो हातावर तोलून बघितला आणि मला विचारलं, "लग्न कुणाचं हो आजी?" म्हटलं, लग्न नाही, माझ्या बाबांचं प्रदर्शन आहे. तर म्हणतो कसा, "तुमच्या वयाला तुमचे बाबा प्रदर्शन भरवतायत? काय खातात?" दोघंही दारात उभे राहून हसलो.

बाबांचा फोटो चांगला निवडलास. त्यात ते रागावलेले दिसत नाहीत, म्हणजे फोटो काढणाऱ्याने बराच वेळ वाट बघितली असणार. खाली तुझं नाव आणि पुढे 'कोरीव शस्त्रांचे अभ्यासक' असं छापलंय. वाचून बरं वाटलं. लहानपणी तुझ्या हातात कोरणी दिली की तू तिने पेन्सिलीला टोक काढायचास आणि बाबा कपाळाला हात लावायचे. ज्याला लोखंडावर एक रेघ ओढता आली नाही, त्याने बाबांच्या रेघांवर पुस्तक लिहिलं. माझी थट्टा मनावर घेऊ नकोस. तुला कडेवर घेऊन फिरवलंय, एवढा हक्क आहे.

इकडे विशेष काही नाही. गुडघा अधूनमधून हजेरी लावतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छतातून पाणी ठिबकतं, ते माझ्या बाथरूमचं असं त्या म्हणतात, प्लंबर म्हणतो त्यांच्याच नळाचं. मी मध्ये बसून दोघांना चहा देते. माझ्या लेकीला, चिमणीला, बाळंत होऊन दोन महिने झाले, हे तुला माहीतच आहे. नात गुटगुटीत आहे. चिमणीही बरी आहे. जरा गप्प असते. होतं कुणाकुणाला बाळंतपणानंतर, असं तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तू लिहिलंयस, पाखरांच्या रिव्हॉल्व्हरबद्दल आठवेल ते लिहून पाठव, भाषणात घेतो. लिहिते.

त्या कामाला बाबांनी सव्वा वर्ष घेतलं. पहिले काही महिने नुसते कागदावर गेले. कागद पुरे झाला तेव्हा लोखंडाला हात लावला, कारण तिथे खोडरबर चालत नाही. नळीच्या तोंडाशी वेलीचं केसाएवढं टोक आहे. तिथून ती नळीला वेढे घेत मागे येते, चौकटीवर फुटते आणि मुठीजवळ तिचं चांगलं जाड खोड होतं. मी विचारलं होतं, "बाबा, वेल शेंड्याकडून मुळाकडे का काढलीत?" म्हणाले, "काढायला कुठूनही काढीन. पण उगवायची ती धरणाऱ्याच्या हातातूनच." हे तुझ्या भाषणात घाल. लोकांना आवडेल.

आणि काडतुसं भरायची चक्री. सहा घरांची सहा चित्रं. पहिल्या घरावर पाखरू फांदीवर बसलंय. दुसऱ्यावर मान उंच केलीय. तिसऱ्यावर पंख उघडलेत. चौथ्यावर पाय फांदीवरून सुटलेत. पाचव्यावर ते हवेत आहे आणि मागे वळून बघतंय. सहाव्यावर पाखरू नाहीच. नुसती फांदी, ते उडाल्यामुळे हललेली. हलणारी फांदी लोखंडावर कशी दाखवायची? बाबांनी तिच्याशेजारी अगदी हलक्या हाताने आणखी एक अर्धी रेघ ओढली. बस्स. चक्री सावकाश फिरवली की पाखरू उडतं आणि फांदी डोलते. मी ती इतक्या वेळा फिरवून बघितली असेल, तरी प्रत्येक वेळी मला वाटायचं, या खेपेला ते बसून राहील.

पाखरांचे डोळे सोन्याचे आहेत, ते मी बसवलेत. मोहरीच्या निम्मे. एक डोळा ठोकताना उडाला आणि मी अर्धा दिवस फरशीवर रांगले. शेवटी तुझ्या भावोजींच्या तळपायाला चिकटलेला सापडला. म्हणाले, "तरीच मघापासून पाय माझ्याकडे टक लावून बघतोय."

त्यांचं कामही सांगायला हवं, कारण ते कुठे दिसत नाही. ते जोडारी. बाबांनी कोरलेले सुटे भाग ते जोडायचे. प्रत्येक घर बरोबर नळीसमोर येऊन थांबतंय का, हे ते डोळ्यांनी बघायचेच नाहीत. नळीचं तोंड कानामागच्या हाडाला टेकवायचं, डोळे मिटायचे, घोडा सावकाश मागे घ्यायचा आणि चाप दाबायचा. हाडातून लोखंड स्पष्ट बोलतं, असं त्यांचं म्हणणं. "अजून बोबडं आहे," म्हणायचे आणि पुन्हा कानस हातात घ्यायचे. म्हणून तर कारखान्यात सगळे त्यांना कानसेन म्हणायचे.

बघणाऱ्याला धडकी भरायची. आम्हाला नाही. कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत काडतूस येणार नाही, हा बाबांचा नियम होता आणि तो कधी कुणी मोडला नाही. बार उडवून बघायचा तो गिऱ्हाइकाने, आपल्या जागेत जाऊन. त्यामुळे आमच्या लेखी रिव्हॉल्व्हर आणि पक्कड सारखीच. मी चक्रीत शर्टाची बटणं ठेवायचे. चिमणी मुठीने अक्रोड फोडायची.

आता एक विनंती. मांडताना रिव्हॉल्व्हरची उजवी बाजू लोकांकडे कर. डावी भिंतीकडे असू दे. का ते विचारू नकोस, तेवढं ऐक.

मला यायला जमणार नाही. कुणी विचारलं तर गुडघ्याचं सांग.

माझ्या भावजयीला आणि मुलांना आठवणीने सांग. भाषणात घाई करू नकोस. तू भरभर बोलतोस आणि मग श्वास घ्यायला नको तिथे थांबतोस.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थांबला. राहू दे, शेवटी बघू.

तुझे फोन वाजत होते ते मला ऐकू येत होते. मी उचलले नाहीत. मग तुझा निरोप आला, "ताई, अशी मधूनच का उठून गेलीस? जेवायलाही थांबली नाहीस. कुणी काही बोललं का?"

हो. तू बोललास.

मी येणार नव्हते. गुडघ्याचं निमित्त होतं, हे तुलाही कळलं असेल. पण उद्घाटनाच्या दिवशी सकाळी चिमणीचा फोन आला. तिच्याबद्दल गेल्या पत्रात 'जरा गप्प असते' एवढंच लिहिलं होतं. ती गप्प नाही रे. ती रडते. बाळाला पाजताना रडते, निजवून झाल्यावर रडते. डॉक्टरीणबाईंनी तिला रीतसर सगळं विचारलं, झोप येते का, भूक लागते का, आणि मग विचारलं, "घरात आधी कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतलंय का?" ती म्हणाली, "वडिलांनी." त्यांनी ते लिहून घेतलं. त्या दिवसापासून तिचं एकच चाललंय, "आई, ते माझ्यात आलं असेल का? आणि माझ्यातून हिच्यात?" त्या सकाळी फोनवर म्हणाली, "तू जा प्रदर्शनाला. आजोबांचं तरी काही चांगलं बघून ये आणि मला सांग." म्हणून आले.

मागच्या दाराने आले. तुझी बायको मला ओढून पहिल्या रांगेत घेऊन गेली. जाता जाता ते रिव्हॉल्व्हर दिसलं. डावी बाजू भिंतीकडे राहिलंच, तू ते फिरत्या चौथऱ्यावर ठेवलंस. मागे आरसा, वरून दिवा. सगळ्यात जास्त उजेड डाव्या बाजूवर.

पांढरे हातमोजे घातलेले एक गृहस्थ तिथे चारपाच जणांना समजावून देत होते. "उजवीकडे बघा, किती मोजून मापून. आणि डावीकडे हा पानांचा झुबका! घोड्याखालून थेट मुठीवर उतरलाय. सगळा तोल मोडून टाकलाय. उतारवयातलं धाडस आहे हे. किती जिवंत!" मी थांबलेली बघून त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "पानांची जरा दाटी झालीय." ते माझ्याकडे बघून दयेने हसले. तू पुस्तकात त्या पानांना एक अख्खं प्रकरण दिलंयस म्हणे. मी ते वाचलेलं नाही.

मग तुझं भाषण. चांगलं बोलत होतास, खोटं कशाला सांगू. वेलीचं सांगितलंस, हलणाऱ्या फांदीचं सांगितलंस, लोक माना डोलवत होते. तेवढ्यावर थांबला असतास तर! पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी लहानपणची खोड. तू हसत हसत म्हणालास, "आता एक गुन्हा कबूल करतो." आणि सगळा हॉल पुढे सरकून बसला.

तू जे सांगितलंस ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे नंतर 'मी असं म्हणालोच नाही' असं व्हायला नको. तू म्हणालास, "मी एकोणीस वर्षांचा होतो. होस्टेलवरून सुट्टीला आलो होतो. या पाखरांनी मला अक्षरशः वेड लावलं होतं. एका रविवारी, सगळे जेवून आडवे झाल्यावर, मी कपाटातून हे काढलं आणि दगडाच्या खाणीत गेलो. मित्राने काडतुसं आणली होती. चक्री भरली आणि उडवायला लागलो. पाच बार काढले आणि खाणीचा राखणदार ओरडत आला. जी धूम ठोकली ती घरी येऊन थांबलो! जिन्याखालच्या अंधारात बसून काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या काढल्या. दिसत तर काही नव्हतं. बोटाने पाखरू चाचपायचं, घर बाजूच्या झडपेसमोर आणायचं, काडीने पुंगळी ढकलायची. पाच पाखरं, पाच पुंगळ्या. तेलाच्या फडक्याने पुसलं, होतं तिथे ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीने होस्टेलला पसार! वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. हे रिव्हॉल्व्हर आयुष्यात तेवढं एकदाच उडालंय, आणि ते भाग्य माझं."

टाळ्या झाल्या. पांढऱ्या हातमोज्यांच्यासुद्धा.

आणि मी उठले.

धाकट्या, चक्री भरली म्हणालास. भरल्या चक्रीत किती काडतुसं असतात? सहाव्या घरावर पाखरू नाही. तिथे बोटाला काही लागत नाही. तिथे बाबांनी इतक्या हलक्या हाताने रेघ ओढलीय की उजेडातही ती शोधावी लागते.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. भावोजींनी तेच रिव्हॉल्व्हर जोडणीच्या शेवटच्या तपासणीला घेतलं.

आता कळलं का?

तुला 'भावोजींनी स्वतःला संपवलं' असं सांगितलं गेलं होतं. कशाने आणि कुठे, हे तुला कळलं होतं, कारखान्यात, रिव्हॉल्व्हरने. कोणत्या, ते नाही. बाबांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं, "कुठलं होतं ते बाहेर जाता कामा नये. कामाचं नाव खराब होईल." ज्या गिऱ्हाइकासाठी ते केलं होतं त्याने घ्यायचं नाकारलं, तेव्हाही तुला 'सौदा मोडला' असंच सांगितलं. हे मला मान्य आहे. पण तीस वर्षं झाली, बाळा. तीस वर्षांत तुला एकदाही वाटलं नाही की ताईला विचारावं, कुठलं होतं गं ते?

घरी येताना बसमध्ये मी हाच विचार करत होते, याला माहीत असेल का. मग माझं मलाच उत्तर मिळालं. माहीत असतं तर तू ती गोष्ट भर सभेत सांगितली नसतीस. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? म्हणजे तुला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, एवढं कळल्यावर राग उतरेल. उलट चढला. माझा संसार मोडला तो कुणाच्या दुष्टपणाने नाही, दावा साधायला नाही, एका पोराला मोजता आलं नाही म्हणून. आणि ते पोर आज त्यावर टाळ्या घेतंय.

चौकशीला आलेल्या साहेबाला बाबा काय म्हणाले, ते मी दाराआडून ऐकलंय. साहेबाने विचारलं, "चुकून राहिलं असेल का काडतूस?" बाबा ताठ उभे राहिले. "माझ्या कारखान्यात काडतूस येत नाही. कधीच आलेलं नाही. आलं असेल तर त्यानेच आणलं, आणि आणलं तर मुद्दाम आणलं." संपलं. नियम इतका पक्का होता की त्यावर माणूस फासावर जावा. कारागिरांनी सांगितलं, ते नेहमीच कानामागे लावून बघायचे. साहेब म्हणाले, "धंद्यातला माणूस, भरलंय की रिकामं एवढं बघणार नाही?" नाही बघणार. आम्ही कुणीच बघत नव्हतो. घरातली पक्कड भरलीय का, हे कोण बघतं?

मग त्यांनी मला विचारलं, घरात काही झालं होतं का? मी सांगितलं, सकाळी भांडण झालं होतं. चिमणीच्या शाळेच्या बुटाचा तळ सुटला होता. ते दुरुस्त करून आणतो म्हणाले आणि विसरले. मी म्हटलं, "तुम्हाला लोखंडाचं ऐकू येतं, माणसांचं नाही." ते डबा घेऊन निघून गेले. साहेबांनी मान हलवली. त्यांना कारण मिळालं.

मलाही मिळालं. त्या एका वाक्याने माणूस गेला, असं मी आजवर धरून चालले. लोकांनी तर पुढे काय काय जोडलं, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. पण माझं ऐक. मी त्यांच्यासाठी नीट रडलेसुद्धा नाही. मी चिडले होते. एवढ्याशा बोलण्यावरून लेकीला आणि मला टाकून गेलात? त्यांचे कपडे देऊन टाकले. फोटो कपाटात पालथा ठेवला. चिमणी विचारायची, "बाबा आपल्यावर रागावले होते?" आणि मी म्हणायचे, "माहीत नाही, त्यांनाच ठाऊक." असं म्हणायचे मी, धाकट्या. आणि तो माणूस डोळे मिटून पाखरू नीट बोलतंय का ते ऐकत होता.

संध्याकाळी त्यांच्या पिशवीत ते बूट सापडले होते. तळ शिवलेले. जेवणाच्या सुट्टीत नेऊन शिवून आणले असणार. तेव्हा मला वाटलं, जाताना मागचं आवरून गेला. बुटांचासुद्धा मी असा उलटा अर्थ लावला.

आता पानांचं सांगते. तुझ्या प्रकरणाला उपयोगी पडेल.

रिव्हॉल्व्हर वर्षभर चौकशीवाल्यांच्या पोत्यात पडून होतं. रक्त पाण्यापेक्षा लवकर लोखंड खातं. परत आलं तेव्हा डाव्या बाजूला, घोड्याखालून मुठीपर्यंत, देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते. मला वाटलं, बाबा ते भट्टीत टाकतील. ते खिडकीपाशी घेऊन बसले. सुटे भाग पुसायचं काम नेहमी माझं, म्हणून मी सवयीने चक्री उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून हिसकावून घेतली. जन्मात पहिल्यांदा. स्वतः आत नेली, दार लावलं, स्वतः साफ केली. मला वाटलं, लेकीला त्रास नको म्हणून.

म्हटलं, "बाबा, वितळवून टाका ते." कोरणीला धार लावत होते. वर न बघता म्हणाले, "काम चांगलं झालंय गं."

आणि त्यांनी खड्डे झाकायला पानं कोरली. एका खड्ड्यावर एक पान, मोठ्या खड्ड्यावर मोठं, दोन जवळ आले तिथे देठ जोडलेला. तोल वगैरे काही मोडलेला नाही. जिथे जिथे तुझ्या भावोजींचं रक्त वाळलं तिथे तिथे पान आहे. तुझ्या हातमोजेवाल्यांना ते जिवंत वाटलं, त्यांचं काही चुकलं नाही.

इतकी वर्षं मी समजत होते, हे बाबांचं कामावरचं वेड. भलतं, पण वेडच. त्या रात्री तुझं भाषण डोक्यात घेऊन बसले आणि चक्री आठवली. माणसाने एकच बार काढला असेल तर एक घर काळं होतं. बाबांना आत काय दिसलं असेल? सहाही घरांत काजळी. तू बाहेरून तेलाने पुसलंस. आतून पुसायचं असतं, हे तुला कोणी शिकवलंच नव्हतं. चौकशीवाल्यांना एक पुंगळी मिळाली, त्यांनी पुढे बघितलं नाही. पण बाबांना एका नजरेत कळलं असणार, की ते कुणीतरी बाहेर नेऊन उडवलंय, आणि घरात ते नेणारा कोण आहे. शपथेवर सांगता यायचं नाही. पण माझ्या हातातून चक्री का हिसकावली, याचं दुसरं उत्तर मला सापडत नाही.

त्यांना कळलं, आणि ते दार उघडून बाहेर येऊन मला म्हणाले नाहीत, की पोरी, त्याने तुला टाकलं नव्हतं. ते पानं कोरत बसले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकलीय, पण त्यात लेक कुणीकडे असते ते कुणी सांगितलं नाही. मरेपर्यंत मी त्यांना औषध दिलं, अंघोळ घातली. शेवटच्या दिवसांत ते माझा हात धरून रडायचे. मी म्हणायचे, "दुखतंय का बाबा?"

जाऊ दे. ते गेले, त्यांना काय विचारणार. तू आहेस.

मी हे चिमणीला सांगितलं. लगेच नाही, दोन दिवसांनी, धीर करून. ती म्हणाली, "आई, माझ्यासाठी तू हे रचून सांगतेयस." तिचंही खरं आहे. इतकी वर्षं 'त्यांनाच ठाऊक' म्हणणारी आई, आणि आता नेमकं बाळंतपणात हिला सगळं उमगलं? माझ्या शब्दाला तिच्याकडे किंमत उरलेली नाही. ती मीच घालवली. तुझ्या शब्दाला आहे. मामा म्हणजे तिच्या लेखी शिकलेला माणूस.

महिनाअखेरीला समारोप आहे, त्या दिवशी तू पुन्हा बोलणार आहेस, हे त्या जाड कागदावर छापलंय. त्या दिवशी हीच गोष्ट सांग. त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर. खाण सांग, राखणदार सांग, जिन्याखालचा अंधार सांग, लोक हसले तर हसू दे. आणि मग सहाव्या घरापर्यंत जा. सोमवार सांग. पानं कशावर आहेत ते सांग. भावोजी तिथे काय ऐकत होते ते सांग. त्यांना कारखान्यात काय म्हणायचे तेही सांग, म्हणजे लोकांना कळेल तो कसा माणूस होता.

तुझं नाव जाईल. पुस्तकातलं ते प्रकरण जाईल. बाबांच्या फोटोकडे लोक वेगळ्या नजरेने बघतील. मी हे सगळं धरून लिहितेय. चिमणीच्या बाबांचं नाव जाऊन तीस वर्षं झाली, तेव्हा कुणाचं काही थांबलं नव्हतं.

मला एकटीला फोनवर काही सांगू नकोस. रडू नकोस, माफी मागू नकोस, दारात येऊ नकोस. तुला लहानपणी रडताना बघितलं की मी विरघळायचे, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

मी चिमणीला घेऊन येणार आहे. तिने येते म्हटलंय, विश्वास नसला तरी. बाळही असेल. पहिल्या रांगेत बसू, डाव्या हाताला.

आशीर्वादाचं शेवटी बघू म्हटलं होतं. तो मी त्या दिवशी हॉलमध्ये घेऊन येते. द्यायचा की परत न्यायचा, ते तुझं ऐकून ठरवीन.

तुझी ताई म्हणून गेल्या पत्रात सही केली होती. या पत्राखाली,

कानसेनची बायको